कार्डाच्या पॉइंटवर सिंगापूर–क्वालालंपूर : लातूरहून सहा जण, मे महिना. जमतंय का?

मांजराकाठची (लातूर)

नमस्कार मंडळी. मी शिक्षिका, ह्यांचं हार्डवेअरचं दुकान. घरात आम्ही दोघं, थोरला अकरा वर्षांचा, धाकटी चार वर्षांची, शिवाय सासू-सासरे. ह्यांच्या क्रेडिट कार्डावर १ लाख ४० हजार पॉइंट साचलेत. मुलाच्या क्लासची फी, विमा, दवाखाना, किराणा असं सगळं त्याच कार्डावर जातं आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरतो.

ह्यांचं म्हणणं, ॲपमध्ये मिक्सर आणि व्हाउचर दिसतात ते घेऊन मोकळं व्हावं. माझ्या डोक्यात मात्र मे महिन्यात सिंगापूर आणि क्वालालंपूर आहे. आमच्या कार्डाचे दोन पॉइंट दिले की विमान कंपनीचा एक मैल (म्हणजे त्यांचा पॉइंट, त्यावर तिकीट निघतं) मिळतो. एका हॉटेल साखळीचाही दर तोच, दोनाला एक. कार्डाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'कुठलं कार्ड भारी' या वळणावर जाईल.

पॉइंटवर सहा तिकिटं निघतील का? आणि मुंबईहून जावं की हैदराबादहून?

मोंढा_नाका (छ. संभाजीनगर)

ताई, आधी मिक्सर बाजूला ठेवा. अशा वस्तूंच्या यादीत पॉइंटची किंमत बहुतेक वेळा पाव रुपयाच्या आसपास पडते, आणि तो मिक्सर बाजारात स्वस्त मिळतो ते वेगळंच.

तिकिटांचं उत्तर 'नाही' असं आहे. समजा हैदराबाद–सिंगापूर एका बाजूला माणशी २० हजार मैल लागतात. विमानात दोन वर्षांवरच्या मुलाला स्वतःची सीट लागते आणि बहुतेक कंपन्या त्या सीटचे मोठ्या माणसाइतकेच मैल घेतात. म्हणजे तुमची चार वर्षांची लेक आणि तुमचे सासरे हिशोबात सारखेच. सहा माणसं, जाणं-येणं, एकूण २ लाख ४० हजार मैल. तुमच्याकडे पॉइंटचे अर्धे करून ७० हजार. त्यात तीन माणसं फक्त जातील. कोणाला तिकडंच ठेवून यायचं ते घरात बसून ठरवा :)

मांजराकाठची

😀 ह्यांना वाचून दाखवलं. मिक्सरच घेऊ म्हणाले परत.

गोदाथडी (नांदेड)

तीन तरी का घेत नाही? उरलेली रोखीनं काढायची. पॉइंट वापरल्याचं समाधान तरी.

मोंढा_नाका

समाधान महागात पडतं भाऊ. आकडा मांडून बघा. समजा रोखीचं तिकीट २० हजार. पॉइंटचं तिकीट काढलं तरी विमानतळाचे कर आणि कंपनीचे शुल्क खिशातूनच जातात, ते समजा ४ हजार. म्हणजे २० हजार मैलांनी वाचवले १६ हजार रुपये. मैलाला ८० पैसे, आणि ताईंच्या कार्डाचे दोन पॉइंट म्हणजे एक मैल, तर पॉइंटला ४० पैसे.

त्यात मे महिना. कमी मैलांच्या सीटा कंपनी प्रत्येक विमानात मोजक्याच सोडते, आणि शाळेच्या सुट्टीत त्या सगळ्यांनाच हव्या असतात. दोन मिळतील, फार तर तीन. सहा एका विमानात मिळणं कठीण. सिंगापूर एअरलाइन्स साधारण ३५५ दिवस आधी बुकिंग उघडते, त्या दिवसापासून दबा धरून बसणारे लोक आहेत. आपण जानेवारीत जागे होतो.

परभणीची_लेक

बिझनेस क्लासला मैलाचा भाव चांगला पडतो म्हणतात, अडीच-तीन रुपयांपर्यंत. माझा पुण्याचा चुलतभाऊ तेच सांगत असतो.

मोंढा_नाका

सांगू द्या. लाखाचं तिकीट पॉइंटवर घेतलं म्हणून लाख वाचले असं नाही होत. ते तिकीट त्यानं रोखीनं काढलं असतं का? नसतं ना. मग जे खर्चच होणार नव्हते ते वाचले कसे? दोघं नवराबायको, हौस म्हणून जात असतील तर जरूर बसावं, झोपून जाता येतं. सहा जणांचं बिऱ्हाड घेऊन सुमारे साडेचार तासांच्या प्रवासाला तो थाट कशाला.

निलंगा_पासिंग

हैदराबादच हो ताई. यात विचार करण्यासारखं काही नाही. लातूर–औसा–उमरगा, तिथून सोलापूर–हैदराबाद हायवे धरायचा. झहीराबादच्या पुढं आउटर रिंग रोडला लागलं की शहरात न शिरता थेट शमशाबादचं विमानतळ. साधारण तीनशे किलोमीटर. मुंबई म्हणजे पाचशेच्या घरात, वर घाट आणि वर विमानतळाआधीचं ट्रॅफिक. आमचे आजोबा निजामाच्या काळात कामाला हैदराबादलाच जायचे, मुंबई तेव्हाही लांब होती आणि आताही लांबच हाय.

सिंगापूरला हैदराबादहून थेट विमान आहे, क्वालालंपूरहून हैदराबादलाही थेट आहे. म्हणून जाताना सिंगापूर, येताना क्वालालंपूरहून. परत सिंगापूरला यायची गरज नाही.

स्टील_सिटी (जालना)

आमच्यासारख्यांना मात्र मुंबईच. समृद्धी जून २०२५ ला पूर्ण उघडला, शिवाय वंदे भारत आहे. लातूर-नांदेडवाल्यांनी हैदराबाद, जालना-संभाजीनगरवाल्यांनी मुंबई. बीडवाल्यांनी नाणं उडवावं.

बिंदुसरा (बीड)

बीडवाले पुण्याला जातात. नोंद घ्यावी.

तेरणाकाठ (धाराशिव)

माझा थोडा वेगळा सूर आहे, राग मानू नका. पॉइंट-मैल ठीक, पण हे वाचून उद्या चार जण कार्ड काढतील. बिल पूर्ण भरलं नाही तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. वर्षाचे ४२ झाले. गावाकडचा सावकार तरी तोंडावर सांगतो. आमच्या भावकीतल्या एका पोराला एका बँकेनं 'मिनिमम ड्यू भरा' म्हणून रोज मेसेज पाठवले. तो बापडा तेवढंच भरत राहिला, त्याला वाटलं बिल फिटतंय. मूळ रक्कम तशीच. शेवटी सोयाबीन भाव नसताना विकलं. अशा माणसाला कुठले पॉइंट आणि कुठलं सिंगापूर.

मांजराकाठची

दादा, राग कसला. आम्ही ऑटो-डेबिट पूर्ण बिलाचं लावलंय, मिनिममचं नाही. ॲपमध्ये तो पर्याय आपोआप मिनिममवर निवडलेला असू शकतो, ज्यांनी कार्ड घेतलंय त्यांनी आज उघडून बघा.

वहीखातं (नांदेड)

कर सल्लागार म्हणून तीन गोष्टी सांगतो, फुकट.

एक, वर्षभरात कार्डाच्या बिलापोटी १० लाखांवर भरणा झाला, किंवा १ लाख वा जास्त रोखीनं भरले, तर बँक ते आयकर खात्याला कळवते. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून रिटर्न न भरणारे आपल्याकडे पुष्कळ. कार्ड मात्र दणकून चालवतात. मग नोटीस आली की माझ्याकडे येतात.

दोन, स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या परदेश प्रवासावर वर्षात २ लाखांवर खर्च केला तर उत्पन्न कितीही कमी असो, रिटर्न भरावंच लागतं. सहा जणांची तिकिटं एकाच्या नावे काढली तर हा आकडा सहज ओलांडला जातो. टूर कंपनीचं पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. ते पैसे बुडत नाहीत, रिटर्नमध्ये वळते होतात, पण तोवर अडकून पडतात.

तिसरं ताईंच्या मालकांसाठी. दुकानाचा माल वैयक्तिक कार्डावर घेत असतील तर थांबवा. ही कार्डं घरखर्चासाठी असतात असं बँकेच्या अटींत लिहिलेलं असतं. एकाच होलसेलरला दर आठवड्याला लाखाच्या पटीत रकमा गेल्या की बँकेला दिसतं. पॉइंट गोठवतात, कधी कार्डच बंद करतात. दुकानासाठी व्यवसायाचं कार्ड वेगळं घ्या.

मांजराकाठची

दुकानाचं वेगळं आहे हो सर, त्यावर फारसे पॉइंटच मिळत नाहीत. हे १ लाख ४० हजार घरखर्चाचेच.

बरं, मग मोंढा नाका दादा, तिकिटं नाही तर पॉइंटचं करायचं काय? लोणचं?

मोंढा_नाका

खोल्या घ्या.

तुम्ही हॉटेल साखळी म्हणालात. ती ॲकोर असेल, म्हणजे आयबिस, नोव्होटेल, मर्क्युअरवाली, तर तिचा दर उघड आहे: २००० पॉइंट म्हणजे बिलातून ४० युरो कमी. तुमचे ७० हजार होतात, म्हणजे ३५ वेळा ४०, एकूण १४०० युरो. युरो १०० रुपये धरला तरी १ लाख ४० हजार रुपये. कार्डाच्या एका पॉइंटला एक रुपया! विमानात ४० पैसे, मिक्सरमध्ये २५.

आणि मुख्य म्हणजे यात मे-जूनची भानगड नाही. खोली रोखीनं मिळत असेल तर पॉइंटही चालतात. सहा सीटा शोधत रात्री जागायचं नाही. सिंगापूरला खोली छोटी असते, दोन मोठे आणि दोन लहान एका खोलीत घ्यायला बरीच हॉटेलं नको म्हणतात. मुलं धरून माणसं खरी सांगा. तुम्हाला तसंही दोन खोल्या लागणार. समजा करासकट खोली १४ हजार, दोन खोल्यांचे रात्रीचे २८ हजार. म्हणजे पाच रात्री बिनपैशाच्या. क्वालालंपूरला हॉटेलं बरीच स्वस्त आहेत, तिथं रोख द्या. पॉइंट महागड्या गावात जाळायचे.

परभणीची_लेक

मॅरियटचं पण सांगा ना. पाच रात्रींना चार रात्रींचेच पॉइंट घेतात.

मोंढा_नाका

हो, पॉइंटवर सलग पाच रात्री घेतल्या तर एक रात्र सुटते, कमीत कमी पॉइंटांची. पाच रात्री एकाच ठिकाणी राहणार असाल तर उत्तम. ताईंची सहल दोन शहरांची, त्यात ते बसत नाही.

पॉइंट हलवण्याआधीचं थोडं. कार्डाकडून एकदा गेलेले पॉइंट परत येत नाहीत. म्हणून आधी हॉटेलच्या साइटवर फुकट सदस्यत्व घ्या, नाव कार्डावर आहे तसंच. पहिल्यांदा थोडेच पाठवा, पोचले की बाकीचे. काही तासांत पोचतात, काही बँका आठवडा घेतात. बुकिंग थेट हॉटेलच्या साइटवरून करा. बाहेरच्या साइटवरून केलं तर पॉइंट लागू होत नाहीत. तीच खोली बाहेर किती स्वस्त मिळते तेही ताडून बघा. तिथं दहाला मिळत असेल आणि हॉटेल चौदा सांगत असेल तर माझा एक रुपयाचा भाव सत्तर पैशांवर आला. तरीही विमानापेक्षा बराच.

गोदाथडी

हौ, हे पटलं. मी आत्तापर्यंत मैलांच्याच मागं होतो.

निलंगा_पासिंग

ताई, सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट आहेत का? सगळं तिथं अडतं.

मांजराकाठची

सासऱ्यांचा आहे, डिसेंबरपर्यंतचा. सासूबाईंचा आणि मुलांचा काढायचाय. सासूबाई सातवी शिकलेल्या, त्यांच्या पासपोर्टवर शिक्का येतो म्हणे आणि मलेशियाला अडवतात. खरंय का?

वहीखातं

अर्धवट खरं. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट ईसीआर प्रकारात जातो, म्हणजे ठराविक १८ देशांत जायला आधी सरकारी परवानगी लागते, आणि मलेशिया त्या यादीत आहे. पण ती परवानगी नोकरीला जाणाऱ्यांसाठी असते, फिरायला जाणाऱ्यांना लागत नाही. शिवाय ५० वर्षांवरची माणसं त्यातून वगळलेली आहेत. सासूबाई निर्धास्त.

मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचा, फी १००० रुपये. मोठ्यांची १५००, तत्काळला आणखी २०००. परतीनंतरही पासपोर्टवर काही महिने शिल्लक लागतात. सिंगापूर प्रवेशाच्या दिवशी सहा महिने मागतं, त्यामुळे सासऱ्यांचा डिसेंबरपर्यंतचा मे महिन्यात जेमतेम बसतो. आत्ताच नवा करून घ्या. आणि नाव! आपल्याकडे आधारवर 'राव' असतो, शाळेच्या दाखल्यावर नसतो. बाईमाणसाचं माहेरचं नाव मतदार यादीत, सासरचं रेशन कार्डावर. पासपोर्टवर जे येईल तेच तिकिटावर आणि व्हिसावर हवं, अक्षराचाही फरक नको.

परभणीची_लेक

व्हिसाचं मी सांगते. सिंगापूरला लागतो, अर्ज अधिकृत एजंटामार्फत, सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर, एजंटाचे वेगळे. मलेशियाला १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. सध्याची सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. दोन्ही देशांचे ऑनलाइन अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे, दोन्ही फुकट. पैसे मागणाऱ्या साइट्स दिसल्या तर पळा.

सिंगापूरहून क्वालालंपूरला बसनं पाच-सहा तास. मात्र सीमेवर दोनदा उतरावं लागतं, एकदा सिंगापूर सोडताना आणि एकदा मलेशियात शिरताना, तिकडं तर सगळं सामान हातात घेऊन. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत त्यावर ठरवा. विमान तासाभराचं आहे.

मांजराकाठची

गुडघे मराठवाड्यातलेच :) विमान बघते.

तेरणाकाठ

आता आलोच आहे तर एक विचारतो. तिकडं कार्ड घासून आणखी पॉइंट मिळवायचे का? माझा मेव्हणा तसंच करतो.

मोंढा_नाका

मेव्हण्याला सांगा, साध्या कार्डावर परदेशी चलनात साडेतीन टक्के आकार आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. शंभराला ४ रुपये १३ पैसे. पॉइंट मिळतात रुपया-दीड रुपयाचे. हा आकार नसलेली कार्डं मिळतात, तसलं एखादं न्यावं. आणि मशीनवर 'रुपयात भरू का' असं विचारलं तर नाही म्हणायचं, स्थानिक चलनच निवडायचं. रुपयात केलं की दुकानदाराची बँक स्वतःचा दर लावते.

बिंदुसरा

मला तर खाण्याचं सांगा. सासू-सासरे माळकरी असतील तर विमानात काय?

मांजराकाठची

सासरे माळकरी आहेत, एकादशीही पाळतात.

परभणीची_लेक

बुकिंगमध्ये जेवणाचा पर्याय असतो. 'एशियन व्हेजिटेरियन', त्याचा कोड एव्हीएमएल. निदान दोन दिवस आधी टाकायचा. कांदा-लसूणही नको असेल तर जैन जेवण वेगळं निवडता येतं. स्वस्त विमानांत जेवण विकतच, ते आधी घ्या. सिंगापुरात लिटल इंडियात सेरंगून रोडला कोमला विलास आहे, १९४७ पासूनचं शाकाहारी. केळीच्या पानावर भात-रसम मिळतं. सासऱ्यांना भाकरीची आठवण येईल, पण उपाशी राहणार नाहीत.

संध्याकाळी गार्डन्स बाय द बेला जा. काचेच्या घरांना तिकीट आहे, बाहेरची उंच झाडं आणि पावणेआठ-पावणेनऊचा दिव्यांचा खेळ फुकट. चिमुकली खूश होईल. क्वालालंपूरला बाटू केव्ह्जच्या २७२ पायऱ्या आहेत. सासूबाईंना खाली मुरुगनच्या मूर्तीपाशी बसवा, मुलांना घेऊन तुम्ही चढा.

निलंगा_पासिंग

आणि खाऊचं! शेंगदाण्याची चटणी, धपाटे न्या, बिनधास्त. खसखस नको. सिंगापुरात खसखशीवर बंदी आहे, अमली पदार्थाच्या कायद्यात येते. खसखस लावलेले अनारसे, खसखशीचे लाडू, खसखस घातलेला मसाला, काहीच नको. दुबईलाही तेच. आणि सासरे तंबाखू खात असतील तर डबी लातुरातच ठेवा. खायची तंबाखू सिंगापुरात न्यायलाही बंदी आहे.

मांजराकाठची

तंबाखूचं त्यांना आजच सांगावं लागणार. माळ आहे, डबीही आहे. यावर घरात कुणी बोलत नाही.

असो. आमचं असं ठरलं: विमानं रोखीनं, हैदराबादहून जाऊन क्वालालंपूरहून परत. पॉइंट सगळे सिंगापूरच्या दोन खोल्यांना. ह्यांना एक रुपयाचा हिशोब कागदावर मांडून दाखवला तेव्हा मिक्सरचा विषय निघाला नाही. उद्या सासूबाईंचा आणि मुलांचा पासपोर्टचा अर्ज भरते. ते हातात आल्याशिवाय पॉइंट हलवणार नाही.

वहीखातं

अगदी बरोबर क्रम.

परतूर_फाटा (जालना)

उशिरा आलो. आम्ही दोघंच आहोत, निवृत्त. मुलं पुण्याला. तारखांचं बंधन नाही. ९० हजार पॉइंट आहेत, दर दोनाला एकच. आम्हीही खोल्याच घ्याव्यात का?

मोंढा_नाका

नाही काका, तुमचं गणित वेगळं. तुम्हाला दोनच सीटा लागतात, आणि शाळा सुरू असतानाचा मंगळवार-बुधवार तुम्हाला चालतो. तेव्हा कमी मैलांच्या सीटा दिसतात. आज ९० हजारांचे ४५ हजार मैल, म्हणजे माझ्याच 'समजा'च्या दरानं दोघांचं एका बाजूचं तिकीट. आधी विमान कंपनीच्या साइटवर तारखा बघा, सीट दिसली की मगच पॉइंट हलवा. सिंगापूर एअरलाइन्सचे मैल तीन वर्षांत संपतात, म्हणून उगाच आधी भरून ठेवू नका. नाही मिळाली सीट तर खोल्या आहेतच. आणि काकूंच्या कार्डावर वेगळे पॉइंट असतील तर तेही सांगा, दोन्ही मिळून काय होतंय बघू.

परतूर_फाटा

तिच्याकडे कार्ड नाही. पेन्शन मात्र तिचीच जास्त आहे. विचारतो.